पहिल्या खाचेच्या मागे

लिंबवाडी, ता. जिंतूर
१७ जानेवारी २०२४

सुके,

मागच्या संक्रांतीला पाकिटातून पाठवलेला तिळगूळ पोस्टातल्या मुंग्यांनी खाल्ला, म्हणून यंदा नुसतं पत्र. फोन करता येतो हे मलाही कळतं, पण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की सगळ्यांची कामं थांबतात. बारावी झाली, माझं लग्न लागलं, तू पुण्याला गेलीस, तेव्हापासून आपण लिहितो ती सवय बरी आहे. तुझी पत्रं माझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर येतात आणि पोषण आहाराच्या कपाटात डाळीच्या पोत्यामागे राहतात. तिथं उंदराशिवाय कोणी हात घालत नाही.

काम काढलं आहे. आमच्या शाळेला आणि अंगणवाडीला मिळून खेळाचं सामान मिळणार आहे. सरपंचांनी चित्रांचं पुस्तक दाखवलं, तर मागच्या पानावर तुमच्या कारखान्याचं नाव. मी म्हणाले, इथली इंजिनीअरबाई माझ्यासोबत जिंतूरला एका खोलीत राहून माझ्या डब्यातलं लोणचं संपवायची. तर आता ते लोणचं वसूल करायचं आहे.

जुनी घसरगुंडी पत्र्याची आहे. उन्हाळ्यात तिच्यावर पोरं बसत नाहीत, पापड वाळवता येतील. झोक्याच्या साखळीत बोटं चिमटतात. हे सगळं तू बघशीलच. मला माझं सांगायचं आहे.

अर्पी आता सात वर्षांची झाली. पाय तसेच आहेत. मान अजून धरत नाही, टेकू काढला की एका बाजूला पडते. मी तिला अंगणवाडीत सोबत नेते आणि दाराशी गोधडीवर ठेवते. समोर पोरं झोका खेळतात. झोका इकडे गेला की तिचे डोळे इकडे, तिकडे गेला की तिकडे. मान जात नाही, नुसते डोळे. दिवसभर ती तेवढंच करते.

तिला बसता येईल असा झोका असतो का गं? नसेल तर तसं सांग, मी मनातून काढून टाकीन.

रेणू

---

पुणे
५ फेब्रुवारी २०२४

रेणे,

असतो. बाहेरदेशी असतो, आपल्याकडे फार कमी. आमच्या साहेबांना मी म्हटलं की एक करून बघू, त्यांनी मान डोलावली. आपल्याकडे होकाराचा अर्थ 'तुझ्या सुट्टीच्या दिवशी कर' असा असतो, तर मी रविवारी करते आहे.

सीट सुपासारखी असेल, कडा वर आलेल्या आणि आत मऊ. पट्टा छातीवरून. पाठ मात्र वेगळी, ती मागेपुढे करता येईल. बाजूच्या पट्टीत खाचा आणि त्यात बसणारी खुंटी. पहिल्या खाचेत अर्पी जवळजवळ आडवी राहील आणि मानेला पूर्ण टेकू मिळेल. झोका खेळता खेळता मान थोडी धरू लागली की दुसरी खाच, मग तिसरी. चौथ्या खाचेत ती इतर पोरांसारखी ताठ बसेल. होईलच असं मी म्हणत नाही. होऊ शकतं असं आमच्याकडे येणारे फिजिओथेरपिस्ट म्हणाले.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला करायचं आणि ती तुमच्या शाळेच्या लिंबाखाली बसवायची, म्हणजे तापणार नाही. खाली वाळू हवी, हातभर तरी. दगड-मुरूम चालणार नाही.

अर्पीची मापं पाठव. बसलेली उंची, खांद्यांची रुंदी, वजन. आणि लोणचं तू मोजलं नव्हतंस, मीही मोजलं नव्हतं.

सुकेशनी

---

लिंबवाडी
२ जून २०२४

सुके,

तू एप्रिलमध्ये येऊन सगळं बसवून गेलीस त्याला आता दीड महिना झाला. खोटं लिहू वाटत नाही म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. खेळायला कोणी येत नाही.

घसरगुंडी चांगली आहे, झोके चांगले आहेत. अडचण तू लावलेल्या बोर्डाची आहे. 'गळ्यात दोरा, गंडा, ताईत घालून खेळण्यास सक्त मनाई.' खाली तुझं नाव, हुद्दा. लोकांनी आधी आडनाव वाचलं आणि मग बोर्ड वाचला. पारावर लगेच निकाल लागला की यांना आपल्या देवाधर्माचं वावडं, आता आपल्या लेकरांच्या गळ्यातलंही काढायला निघाले. तू हॉस्टेलला गणपतीच्या आरतीला टाळ वाजवायचीस हे मी कोणाकोणाला सांगू.

मी समजावलं. दोरा फटीत अडकला तर गळा आवळतो, तू मला साखळीला गुंडी बांधून ती फटीत सोडून कशी अडकते ते दाखवलं होतंस, तसंच कडूबाईला करून दाखवलं. कडूबाई आमची मदतनीस. ती म्हणाली, "मॅडम, मला पटायलंय. पर गळ्यातलं काढून लेकरू खेळाया धाडलं आन त्याला कायी झालं, तर ती बाई जन्मभर सोताला माफ करीन का?"

आणि आमच्या घरात तर विचारूच नको. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, अर्पीच्या गळ्यातला गंडा हातपंपावर न्हाऊ घालतानाही काढू देत नाहीत. अर्पी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हे लेकरू राहत नाही. आत्याबाई अनवाणी पिराच्या दर्ग्यावर गेल्या, गंडा आणला आणि बांधला. पोरगी राहिली. तेव्हापासून दरसाल नवीन गंडा आणतात, अनवाणीच. आता तो नायलॉनचा मिळतो, ओढला तर बैल थांबेल.

बोर्ड मी काल काढून आत ठेवला. रागावू नको. अर्पी अजून झोक्यावर बसलेली नाही.

रेणू

---

पुणे
११ जून २०२४

रेणे,

रागावले नाही. दोन दिवस वाईट मात्र वाटलं, ते आडनावाचं. मग तेही बाजूला ठेवलं, कारण चूक माझी आहे. मी पूर्णेला घरी गेले की माझी आई विहारातून आणलेला पांढरा दोरा माझ्या मनगटाला बांधते, आणि मी पस्तिशीला आले तरी तो स्वतः काढत नाही, आपोआप पडेपर्यंत ठेवते. एवढं माहीत असून मी 'सक्त मनाई' लिहिलं. आमच्या नियमांच्या पुस्तकात जॅकेटच्या टोपीच्या नाड्यांबद्दल लिहिलेलं आहे. नाडी काढायला सांगतात, काढतात. मी नाडीच्या जागी गंडा लिहिला आणि मोकळी झाले.

आता दुसरा विचार. दोरा काढायचा नाही. दोरा तुटला पाहिजे. लेकराच्या गळ्याला इजा होण्याआधी तो तुटला की झालं. तुमच्याकडे वडाला गुंडाळायचं कच्चं सूत असतं ते मी इथं आणून बघितलं. तीन पदर पिळले तर तो दोरा ताईत आरामात पेलतो, आणि भरलेली पाण्याची बाटली टांगली की तटकन तुटतो. नायलॉनच्या गंड्याला मी स्वतः लोंबकळले तरी काही झालं नाही.

ताईत तोच, श्रद्धा तीच, फक्त सूत बदलायचं. आयांना विचारून बघ.

सुकेशनी

---

लिंबवाडी
४ ऑगस्ट २०२४

सुके,

अर्पी दुसऱ्या खाचेत बसते.

हे आधी लिहिलं, आता सविस्तर. वटपौर्णिमेला मी वडाला फेरे मारले आणि उरलेली सुताची गुंडी पदराखाली घालून आणली. काळ्या रंगात बुडवून वाळवली. अंगणवाडीत आयांना बोलावून तुझी पाण्याची बाटली टांगून दाखवली. त्या हसल्या. एक म्हणाली, "हे लय सोपं हाय, मंग त्या बोर्डावर काहून लिवलं न्हाई?" बहुतेकींनी सूत बदलून घेतलं. आता संध्याकाळी मैदान भरलेलं असतं. झोक्याखालची वाळू कोणीतरी न्हाणीघराच्या प्लास्टरला नेली ती तेवढी परत भरून घ्यायची आहे. नेणारा कोण ते मला माहीत आहे, त्याचीच पोरगी सगळ्यात जास्त वेळ झोक्यावर असते.

गावाला जे बोलले ते मला घरात बोलता आलं नाही. आत्याबाईंना 'सूत बदलू' म्हटलं असतं तर त्यांनी अर्पीला मैदानाकडे फिरकू दिलं नसतं. म्हणून त्या बाजाराला गेल्या तेव्हा मी ताईत नायलॉनमधून काढला, सुतात ओवला आणि तिच्या गळ्यात परत बांधला. दिसायला सारखंच. नायलॉनचा तुकडा चुलीत घातला.

पहिल्या दिवशी अर्पी झोक्यात घाबरली. हात आखडले, तोंड वाकडं केलं. मी फक्त वीतभर हलवला. चौथ्या-पाचव्या दिवशी ती हसली. सुके, तुला सांगते, ती आवाज करून हसली. मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. आता झोका थांबवला की रागावते.

परवा मला वाटलं मान जरा वर येते आहे. खुंटी काढून दुसऱ्या खाचेत घातली. पडली नाही. थोडी डुगडुगली, मग धरली. संध्याकाळी आत्याबाईंना नेऊन दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पिराची किरपा." कोणाची का असेना.

रेणू

---

पुणे
१२ ऑगस्ट २०२४

रेणे,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेबांनी पेढे मागवले. आता ते अशा आणखी सीट करायचं म्हणताहेत.

घाई करू नको. तिसऱ्या खाचेला दिवाळी उजाडली तरी चालेल. मान दमलेली दिसली तर परत मागे घे, त्यात कमीपणा नाही. खाचा त्यासाठीच आहेत.

मी फार खूश आहे. बाकी काही लिहायला सुचत नाही.

सुकेशनी

---

लिंबवाडी
२० ऑक्टोबर २०२४

सुके,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर द्यायला उशीर झाला. इकडे यंदा पाऊस फार झाला. येलदरीचे दरवाजे उघडले होते, मैदानात चिखल होता. नंतर सोयाबीनची काढणी. मग अंगणवाडीचं सर्वेक्षण. त्यामुळे अर्पीला झोक्यावर नेणं होत नाही. झोके चांगले आहेत. सीट चांगली आहे. काही तक्रार नाही.

अर्पी बरी आहे.

रेणू

---

पुणे
४ नोव्हेंबर २०२४

रेणे,

तू इतकं छोटं पत्र फक्त बारावीच्या निकालानंतर लिहिलं होतंस. तेव्हाही 'काही तक्रार नाही' असंच लिहिलं होतंस आणि महिन्याभरात तुझं लग्न लागलं.

सीटमध्ये काही खराबी आली आहे का? गादी फाटली, पट्टा सैल झाला, कडेचं प्लास्टिक उन्हात तडकलं? माझ्या मनाला वाईट वाटेल म्हणून लपवू नको, ते माझं कामच आहे. मी नवीन गादी आणि पट्टा पार्सलने पाठवते आहे. जिंतूर स्टँडवर सोडवून घे.

चिखल वाळला असेल आता. तिला ने ना.

सुकेशनी

---

लिंबवाडी
१८ नोव्हेंबर २०२४

सुके,

गादी आणि पट्टा मिळाला. त्याची गरज नव्हती. खरं लिहिते.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अर्पीला झोक्यात बसवलं होतं. चांगला झोका चालला होता. ती पुढे वाकली, आता तिला वाकता येऊ लागलं होतं, ताईत बाहेर लोंबला आणि मागे येताना पाठीच्या खुंटीत दोरा अडकला. झोका पुढे गेला तशी ती पुन्हा वाकली. दोरा ताणला आणि तुटला. सगळं एवढ्या वेळात झालं की मी हात पुढे केला तोवर ताईत वाळूत पडला होता. अर्पी हसतच होती. तिच्या गळ्यावर बोटाएवढा लाल वळ, तोही संध्याकाळपर्यंत गेला.

मी तिथंच वाळूत बसले. नायलॉन असता तर काय झालं असतं ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना. अजूनही जात नाही. कडूबाईने झोका थांबवला, मला पाणी दिलं. मी त्या खुंटीला फडकं गुंडाळून घट्ट बांधलं. दुसरी पोरंही बसतात म्हणून तेवढं त्याच दिवशी केलं. तुला कळवलं नाही, कारण तू एप्रिलला म्हणाली होतीस की काही अपघात झाला तर नियमाने सामान काढून न्यावं लागतं. तू ती सीट नेली असतीस.

घरी नवीन सूत घेऊन ताईत परत बांधणार होते. त्याआधी आत्याबाईंनी तिला कडेवर घेतलं. गळा मोकळा. त्यांनी ताईत कुठे आहे ते विचारलं आणि मी तळहातावर दाखवला. "तुटला?" एवढंच म्हणाल्या. सात वर्षांत तो गंडा एकदाही तुटला नव्हता. त्यांच्या दृष्टीने पिराने हात काढून घेतला, आणि तोही त्या झोक्यावर. दुसऱ्या दिवशी अनवाणी गेल्या, दुहेरी नायलॉनचा गंडा आणला, आणि अर्पीला मैदानात न्यायचं नाही असं सांगितलं. ह्यांनीही आईचंच ऐकलं. "कशाला विषाची परीक्षा," म्हणाले.

आता अर्पी घरीच असते, आत्याबाईंजवळ. अंगणवाडीतही पाठवत नाहीत. तिचे डोळे दिवसभर दारावर असतात.

कोणाला काय सांगू? झालं ते सगळ्यांना दिसलं, दोरा तुटला. झालं नाही ते फक्त मला दिसलं. ते कोणाला कसं दाखवायचं?

रेणू

---

पुणे
२३ नोव्हेंबर २०२४

रेणे,

पत्र वाचून मी सीटचा नकाशा काढला. खुंटी बाहेर आलेली ठेवली ही माझी चूक. खाच बदलायला सोपी जावी, तुला पाना-पक्कड लागू नये म्हणून मी ती मुद्दाम लांब ठेवली होती. घसरगुंडीच्या सगळ्या फटी मी गुंडी सोडून तपासल्या आणि स्वतः केलेली खुंटी तपासली नाही. सोबत रबरी गोल टोपण्या पाठवते आहे, फडकं काढून त्या ठोकून बसव. दोरा आता त्यावरून घसरेल. साहेबांना मी लेखी कळवलं आहे. त्यांनी सीट काढायला सांगितलेली नाही, टोपण्या बसेपर्यंत कोणाला बसवू नये एवढंच. ते पाळ.

आत्याबाईंना खरं सांग. त्यांना वाटतं पिराने हात काढला. तसं झालेलं नाही, दोरा तुटावा म्हणूनच बांधला होता आणि त्याने त्याचं काम केलं. हे कळलं तर त्या पोरीला परत सोडतील. त्या अर्पीवर जीव टाकतात, त्यांना समजेल. तू शांतपणे सांग.

सुकेशनी

---

लिंबवाडी
९ डिसेंबर २०२४

सुके,

सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सूत, नायलॉन, चूल, बाटली, सगळं.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, टोपल्यात ठेवली. मग विचारलं, "कव्हा बदलला?"

"वटपुनवंच्या नंतर."

"म्हंजी आखाड, सरावन, भादवा. इतके दिस लेकरू उघडं हिंडायलं व्हतं. आन मी रोज दिवा लावल्यावर त्या सुताला हात जोडायले."

मी म्हणाले की ताईत तोच होता.

"ताईत त्योच, पर गाठ तुझी. पिराच्या नावानं बांधलेली गाठ व्हती ती." मग पुढची भाकरी थापायला घेतली आणि म्हणाल्या, "तुझं लेकरू हाय. तुला इचारायचा मला काय हक. पर तू मला इचारलं असतंस तर मी त्येला जाऊन इचारलं असतं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडल्या. मी सतरा वर्षं या घरात आहे, सासरे गेले तेव्हा सोडून त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून अर्पीची अंघोळ, जेवण, झोप सगळं त्यांच्याकडे. मी जवळ गेले तर त्यांचा हात आधी गंड्यावर जातो. गाठ चाचपून बघतात.

तुझा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणत नाही. सांगायलाच हवं होतं. पण तू 'समजेल' म्हणालीस, तर समजलं त्यांना. जे समजलं ते वेगळं होतं.

टोपण्या बसवल्या. इतर पोरं खेळतात.

रेणू

---

पुणे
१० फेब्रुवारी २०२५

रेणे,

डिसेंबरनंतर मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. शेवटी मला राहवलं नाही आणि अंगणवाडीच्या नंबरवर फोन केला. कडूबाईने उचलला. अर्पीला निमोनिया झाला होता, परभणीच्या दवाखान्यात बरेच दिवस होतात आणि आता घरी आलात एवढं तिने सांगितलं. पुढचं म्हणाली, "मॅडमच सांगतीन."

मी लिहीत राहणार. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तू डाळीच्या पोत्यामागे टाकून दे.

मी सल्ला द्यायला नको होता. इथं बसून मला सगळं सरळ दिसत होतं.

सुकेशनी

---

लिंबवाडी
२३ मार्च २०२५

सुके,

पत्रं सगळी वाचली. उत्तर द्यायला बसले की काय लिहावं ते कळायचं नाही.

दवाखान्यात अर्पीच्या नाकाला नळी होती. आत्याबाई खाटेखाली चादर टाकून राहिल्या, एकही रात्र घरी आल्या नाहीत. नर्सने ती नळी लावताना गंडा काढायला सांगितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "राहू द्या, वर सरकवू." नर्स कुरकुरली पण तिने तो वर सरकवून चिकटपट्टी लावली. त्यानंतर आत्याबाई माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या. भाजीत मीठ किती घातलं, इतपत.

अर्पी घरी आली तेव्हा पाठीची नुसती हाडं राहिली होती. पडून पडून तिच्या अंगातलं सगळं गेलं. डोळे तेवढे तसेच.

परवा संध्याकाळी मैदानातून पोरांचा आवाज येत होता. आत्याबाई अर्पीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी लसूण सोलत होते. त्या म्हणाल्या, "ने तिला." मला वाटलं आत न्यायला सांगतात. "आत न्हाई. तिकडं. रोज तिकडंच बघायली. मला दिसत न्हाई व्हय?"

आम्ही दोघी गेलो. अर्पीला त्यांनीच उचलून आणलं, चपला न घालता. झोक्याजवळ आल्यावर त्यांनी तिला वाळूत मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने गंड्याची गाठ सोडली. दुहेरी गाठ, वेळ लागला. गंडा मुठीत घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तिचा झोका होवोस्तर मी धरते. बसव."

सुके, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी पाठ पहिल्या खाचेत आणली, अर्पीला ठेवलं, पट्टा लावला. हलकेच हलवलं.

मान मागे गेली. कडेच्या पलीकडे लोंबली आणि तिचा श्वास घरघरला. मी पटकन थांबवलं, हाताने मान धरून पुन्हा हलवलं. हात काढला की तसंच. गादीखाली माझा पदर घालून बघितला, आत्याबाईंचं लुगडं घालून बघितलं. पहिल्या खाचेतही ती आता बसत नाही. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या खाचेत होती.

आत्याबाई मूठ आवळून उभ्या होत्या. बाकीची पोरं झोके थांबवून बघायला लागली. त्या म्हणाल्या, "उशीर केला का मी?" मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? शेवटी एका हाताने मान धरून आणि दुसऱ्याने साखळी धरून मी तिला दोनदा वीतभर हलवलं. ती हसली नाही, पण डोळे मिटले नाहीत.

तू लिहिलं होतंस की खाचा मागे घ्यायलाही असतात. पहिल्या खाचेच्या मागे एखादी खाच करता येते का?

रेणू

---

पुणे
२९ मार्च २०२५

रेणे,

करता येते.

काल आणि आज बसून केली. बाजूची पट्टी लांब करावी लागली आणि सुपाची मागची कड उतरवावी लागली, म्हणजे ती पूर्ण आडवी राहील आणि मानेच्या दोन्ही बाजूंना उशा येतील. खुंटी आता आतल्या बाजूला आहे, बाहेर काही येत नाही. वाळूची पोती ठेवून हलवून बघितली. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून मगच बसवायचं, हे मी तुला सांगायला नको.

आमच्या नकाशात खाचांना आकडे आहेत, एक ते चार, आणि एकच्या शेजारी मी स्वतः 'सुरुवात' असं लिहिलं होतं. लेकरू तिथून पुढेच जाणार असं मी धरलं होतं. नवीन खाचेला काय आकडा द्यायचा म्हणून साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, नका देऊ.

पार्सलने पाठवत नाही. पुढच्या शनिवारी सकाळी परभणीला उतरते आणि जिंतूरची बस धरते. पाना-पक्कड सोबत आणते.

आत्याबाईंना म्हणावं, उशीर माझ्याकडूनही झाला आहे. आणि गंडा धरायला त्याच लागतील, माझ्या हातात देऊ नका.

सुकेशनी